एमएसडीएसची फाईल जुनी झालीय, सगळ्या शीट्स नव्याने काढू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली शाळा, तिला जोडून अकरावी-बारावी विज्ञान. एका शिक्षिकेकडे यंदा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा चार्ज आलाय. हातात पडलं ते असं: साठा नोंदवही, एमएसडीएसची, म्हणजे प्रत्येक रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकांची, एक जाड फाईल (बहुतेक प्रिंट २००९ च्या) आणि साधारण दीडशे बाटल्या. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. त्या विचारतात, ‘सगळ्या शीट्स नव्याने डाउनलोड करून फाईल बदलली की झालं ना? आणि हे दरवर्षी करावं लागतं का?’ जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की खालच्या कप्प्यात पिक्रिक ॲसिडची एक जुनी बाटली आहे आणि आत कोरडी पिवळी पूड दिसते.

मॅडम, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेवढंच आजच्या आज करायचंय. त्या बाटलीला हात लावू नका. पिक्रिक ॲसिड विकताना पाण्याने भिजवलेलं असतं. ते पाणी उडून गेलं की उरते ती धक्क्याने आणि घर्षणाने स्फोट होऊ शकणारी पूड. झाकणाच्या आट्यांमध्ये स्फटिक अडकलेले असतील तर नुसतं झाकण फिरवणंही धोक्याचं, आणि झाकण धातूचं असेल तर जास्तच. ‘थोडं पाणी घालून ओलं करते’ हा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका, कारण त्यासाठी झाकण उघडावं लागतं. कपाट बंद करून कुलूप लावा, खोलीत वर्ग घेऊ नका, मुख्याध्यापकांना आजच लेखी कळवा. त्यांनी पोलीस ठाण्यामार्फत बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवावं, अग्निशमन दलालाही सांगावं. याच पंगतीत आणखी तीन गोष्टी बसतात: वर्षानुवर्षं पडलेली ईथरची बाटली (हवेशी संबंध येऊन स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात), पूर्ण कोरडं झालेलं २,४-डीएनपी (डायनायट्रोफेनिलहायड्राझिन), आणि पिवळा-नारिंगी थर चढलेला पोटॅशियमचा तुकडा. मोजणीत यातलं काही दिसलं तर तिथेच थांबायचं. बाटली न हलवता फोटो काढायचा आणि नोंद करायची.

आता मूळ प्रश्न. फाईल जुनी आहे ही तुमची अडचण नाही. फाईलमध्ये जे आहे ते कपाटात आहे का, आणि कपाटात जे आहे ते फाईलमध्ये आहे का, हे आज कुणालाच सांगता येत नाही, अडचण ती आहे. दीडशे शीट्स नव्याने लावल्या तरी ती तशीच राहील. कारण शीट्स काढणार कोणत्या यादीवरून? नोंदवहीच्या. आणि नोंदवहीत फक्त बिलाने आलेला माल असतो. शेजारच्या कॉलेजने विभाग बंद करताना दिलेल्या बाटल्या, जीवशास्त्राच्या सरांनी आणलेलं फॉर्मालिन, विज्ञान प्रदर्शनानंतर इथेच राहिलेली रसायनं, प्रयोगशाळेतच बनवलेली द्रावणं, यातलं काहीच तिथे सापडत नाही. उलट कधीच संपलेलं सिल्व्हर नायट्रेट नोंदवहीत अजून २५ ग्रॅम शिल्लक असतं.

म्हणून काम कपाटापासून सुरू करायचं, कॉम्प्युटरपासून नाही. पुढे नोंदी चालू ठेवायच्या त्याही तारखेला बांधून नव्हे. बाटली आली, उघडली, तिच्यातून द्रावण बनलं, ती संपली किंवा बाद झाली, अशा प्रत्येक घटनेला नोंद बांधायची.

किती खोलात जायचं ते परिस्थितीवर अवलंबून आहे. फक्त दहावीपर्यंतची शाळा असेल, तीस-चाळीस रसायनं असतील, तर रेघा मारलेली दोनशे पानी वही पुरते. बारावीचं क्षार विश्लेषण, टायट्रेशन आणि सेंद्रिय गट ओळखण्याचे प्रयोग असतील तर एक्सेल बरं. प्रयोगशाळा सहायक आणि परिचर दोघेही असतील तर काम वाटता येतं. पद रिक्त असेल आणि सगळं एकाच शिक्षकावर असेल तर रकाने कमी ठेवा, कारण वीस रकान्यांची सुंदर शीट दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

मोजणीला दोन माणसं लागतात, एक बाटली धरून वाचणारा आणि एक लिहिणारा. दीडशे बाटल्यांना दोन दुपारी धरा. चष्मा आणि हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. झाकण उघडून वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. एका वेळी एकच कप्पा रिकामा करायचा आणि तो पूर्ण झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. प्रत्येक बाटलीचं लिहायचं ते इतकंच: लेबलवर छापलेलं नाव जसंच्या तसं, तीव्रता किंवा ग्रेड, कंपनी, कॅटलॉग नंबर, बॅच नंबर, अंदाजे शिल्लक (पाव, अर्धी, पाऊण, भरलेली), कपाट-कप्पा आणि बाटलीची अवस्था. लेबलचा फोनवर फोटो काढून ठेवला की पुढे पुन्हा पुन्हा कपाट उघडावं लागत नाही.

प्रत्येक बाटलीला एक क्रमांक द्या. १ पासून सुरू करून पुढे जात राहायचं. बाटली संपली तरी तो क्रमांक दुसरीला द्यायचा नाही. क्रमांक कागदाच्या छोट्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा आणि वरून रुंद पारदर्शक टेप लावा. मार्कर पेन वापरण्याचा मोह होतो, पण ॲसिटोन किंवा स्पिरिटचा एक ओघळ आला की मार्करची शाई पुसली जाते. पेन्सिलच्या शिशाला त्याचं काही होत नाही.

लेबलांचाच विषय निघालाय तर आणखी एक पाहून घ्या. कपाटातल्या सगळ्या बाटल्यांवर पांढरी भुकटी बसलेली दिसली, तर हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि लायकर अमोनिया (अमोनियाचं तीव्र द्रावण) एकाच कपाटात आहेत असं समजा. दोघांच्या वाफा हवेत भेटून अमोनियम क्लोराइड तयार होतं आणि ते सगळ्यावर बसतं. लेबलं आधी त्यानेच खराब होतात. एक बाटली दुसऱ्या कपाटात नेली की निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरा नेहमीचा घोटाळा जुन्या काचेच्या रीएजंट बाटल्यांचा. त्यांच्या पोटावर आम्लाचं नाव काचेतच उठावदार उमटवलेलं असतं. बाटली फुटेपर्यंत टिकते म्हणून ती कशालाही वापरली जाते. काचेवर सल्फ्युरिक, चिठ्ठीवर डायल्यूट हायड्रोक्लोरिक, आणि चिठ्ठी पडली की राहतं ते काचेवरचं नाव. नावाशी न जुळणारं काहीही अशा बाटलीत ठेवायचं नाही, चिठ्ठी लावूनसुद्धा नाही. लेबल पूर्ण गेलेल्या बाटलीवर ‘अनोळखी’ लिहा, क्रमांक द्या आणि बाजूला काढा. निळं दिसतंय म्हणून मोरचूद, पिवळं आहे म्हणून क्रोमेट, असं रंगावरून नाव पाडायचं नाही. कोबाल्ट, निकेल, क्रोमियम, शिसं यांच्या संयुगांत चुकीच्या नावाने ठेवलेली बाटली अनोळखी बाटलीपेक्षा वाईट.

मोजणी झाली की दोन याद्या होतात. एक बाटल्यांची, एक रसायनांची. सल्फ्युरिक ॲसिडच्या चार बाटल्या असतील तर पहिल्या यादीत चार ओळी आणि दुसऱ्या यादीत एक. शीट दुसऱ्या यादीला जोडायची. दीडशे बाटल्यांमागे रसायनं ऐंशी-नव्वदच निघाली तर नवल वाटायला नको, म्हणजे तुमचं डाउनलोडचं काम इथेच बरंच कमी होतं. दुसऱ्या यादीत पर्यायी नावांचा एक रकाना ठेवा, कारण शोधणारा कोणत्या नावाने शोधेल ते सांगता येत नाही: कॉस्टिक सोडा, हायपो, मोहर्स सॉल्ट, लायकर अमोनिया.

शीट जुळवताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, सीएएस क्रमांक. हा प्रत्येक पदार्थाचा ठरलेला आकडा असतो आणि लेबलवर व शीटच्या सुरुवातीला छापलेला असतो. सल्फ्युरिक ॲसिडचा ७६६४-९३-९. हातानं उतरवताना चूक झाली का ते तपासायची सोय त्यातच आहे. शेवटचा अंक सोडून उरलेले अंक उजवीकडून डावीकडे १, २, ३ असे गुणत बेरीज करायची. इथे ३×१ + ९×२ + ४×३ + ६×४ + ६×५ + ७×६ म्हणजे १२९, आणि एककाचा ९ हाच शेवटचा अंक. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवलं की चुकीचा क्रमांक लगेच लाल दाखवता येतो.

दुसरी गोष्ट, पाण्याचे रेणू आणि तीव्रता. निळ्या कॉपर सल्फेटचा क्रमांक ७७५८-९९-८ आणि निर्जल पांढऱ्याचा ७७५८-९८-७. नाव मात्र दोन्हींना नुसतं ‘कॉपर सल्फेट’ लिहिलेलं असतं. ३५ टक्के हायड्रोक्लोरिकची शीट डायल्यूटच्या बाटलीला चालत नाही, आणि उलट तर मुळीच नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. सीएएस क्रमांक जुळला तरी पदार्थाचं रूप वेगळं असू शकतं. दाणेदार जस्त आणि जस्ताची पूड यांचा क्रमांक एकच, ७४४०-६६-६. दाणे कपाटात निवांत पडून राहतात. बारीक पूड मात्र ओल लागली की हायड्रोजन सोडते आणि पेटूही शकते. मॅग्नेशियमची फीत आणि मॅग्नेशियमची पूड यांचंही तेच. म्हणून शीट शक्यतो लेबलवरच्याच कंपनीची आणि त्याच कॅटलॉग नंबरची काढा. कंपनी बंद पडली असेल तर तेच रूप, तीच तीव्रता असलेली दुसऱ्या कंपनीची शीट घ्या आणि वर पेनाने ‘मूळ कंपनीची नाही’ असं लिहा. परदेशी कंपनीची शीट आली असेल तर पहिल्या विभागातला आपत्कालीन फोन तिकडचा असतो. तो खोडून ११२, १०१, १०८ आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा क्रमांक लिहून टाका.

आता ‘दरवर्षी करायचं का’ याकडे. प्रिंटवरची तारीख जुनी आहे एवढ्याने शीट बाद होत नाही. सोडियम क्लोराइडची २००९ ची शीट आजही काही चुकीचं सांगत नाही. बदललंय ते दोन जागी. एक म्हणजे मांडणी. रसायनांचे धोके सगळीकडे एकाच रीतीने दाखवायची संयुक्त राष्ट्रांची जीएचएस पद्धत २००३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. तिच्यात शीटचे ठरलेले १६ विभाग असतात आणि लाल कडेच्या चौकोनातली धोक्याची चित्रं असतात. आजच्या बाटल्यांवर हीच चित्रं येतात. जुन्या शीटमध्ये ती नसतील तर लेबल आणि शीट यांचा मेळ मुलांना लागत नाही. दुसरी जागा म्हणजे माहितीच. फॉर्माल्डिहाइडचं पाहा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते ‘माणसात कर्करोग घडवणारं’ या गटात टाकलं, त्याआधी ते ‘बहुधा घडवणारं’ या गटात होतं. जीवशास्त्राच्या कपाटातल्या फॉर्मालिनला त्याआधीची शीट लावलेली असेल तर ती आज दिशाभूल करते.

त्यामुळे सगळ्यांना एक मुदत लावण्यात अर्थ नाही. माझी पद्धत अशी: तीव्र आम्लं, लायकर अमोनिया, ब्रोमीन, फॉर्मालिन, डायक्रोमेट व क्रोमेट, शिसं-पारा-बेरियम यांची संयुगं, सोडियम, फिनॉल, कार्बन डायसल्फाइड, मिथेनॉल, ईथर, अशी वीस-पंचवीस नावं दरवर्षी जूनमध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर तपासायची. बाकीची तीन वर्षांतून एकदा. आणि नवीन बाटली आली की, मग ती कशाचीही असो, तिच्यासोबत त्याच दिवशी. तपासणं म्हणजे पुन्हा प्रिंट काढणं नव्हे. शीटवर ‘सुधारित दिनांक’ असतो, बहुधा पहिल्या पानावर किंवा सोळाव्या विभागात. तो आपल्या यादीतल्या तारखेशी ताडायचा. तीच तारीख असेल तर ‘तपासलं, बदल नाही’ असं लिहून आजचा दिनांक टाकायचा. या ‘तपासल्याचा दिनांक’ रकान्यामुळेच जुनी शीट आणि विसरलेली शीट यांतला फरक तपासणी अधिकाऱ्याला दिसतो.

खरा गोंधळ असतो तो बनवलेल्या द्रावणांचा, आणि फाईल याबद्दल अवाक्षर काढत नाही. अमोनिया ओळखायला वापरतात ते नेसलर रीएजंट घ्या. साठ्यात मर्क्युरिक क्लोराइड किंवा आयोडाइड आहे, पोटॅशियम आयोडाइड आहे, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे, तिघांच्या शीट्सही आहेत. पण टेबलावरच्या ड्रॉपरच्या बाटलीवर फक्त ‘नेसलर’ लिहिलंय. आत पारा आहे आणि द्रावण तीव्र अल्कली आहे, हे ती बाटली कुठेच सांगत नाही. परिचर ती सिंकमध्ये धुऊन टाकतो, आणि चूक त्याची नसते. अशा प्रत्येक द्रावणाचं एक अर्ध्या पानाचं बनवणी-कार्ड करा. त्यात द्रावणाचं नाव, तीव्रता, एक लिटरसाठी काय किती, कोणत्या क्रमांकाच्या बाटलीतून घेतलं, धोका काय, किती दिवस टिकतं आणि उरलं तर कशात जमा करायचं एवढं असावं. द्रावणाच्या बाटलीवर नाव, तीव्रता, बनवल्याचा दिनांक, बनवणाऱ्याची सही आणि धोक्याचा एक शब्द, म्हणजे ‘दाहक’, ‘विषारी’, ‘ज्वलनशील’.

‘डायल्यूट’ या शब्दावर विसंबू नका. २ एम (मोलर) हायड्रोक्लोरिक म्हणजे सुमारे ७ टक्के. युरोपीय वर्गीकरणात १० टक्क्यांच्या खालचं हायड्रोक्लोरिक त्वचेसाठी प्रक्षोभकातही धरत नाहीत. तितकंच २ एम असलेलं सोडियम हायड्रॉक्साइड साडेसात टक्क्यांच्या आसपास जातं, आणि त्याची ‘दाहक’ ही मर्यादा २ टक्क्यांपासूनच सुरू होते. दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी उभ्या असतात, दोन्हींवर ‘डायल्यूट’ लिहिलेलं असतं. डोळ्याला मोठी इजा यातली दुसरी करते. आणि अल्डिहाइड ओळखायचं टॉलेन्स रीएजंट कोणत्याही यादीत दिसताच कामा नये. ते परीक्षानळीत ऐनवेळी बनवायचं आणि प्रयोग संपताच आम्ल घालून नष्ट करायचं. ठेवून दिलं तर त्यात स्फोटक चांदीची संयुगं तयार होतात. त्याची बाटली साठ्यात सापडली, तर शीट शोधत बसू नका, शिकवण्याच्या पद्धतीत दुरुस्ती करा.

आम्लांची वेगळी नोंदवही ही हौस नाही. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ ला दिलेल्या आदेशात शैक्षणिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांत कार्यालयात, सादर करायची. ताबा आणि सुरक्षित साठवणुकीची जबाबदारी एका व्यक्तीवर टाकायची. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची तपासणी करायची. पुष्कळ शाळांमध्ये ही वही असते, पण तपासणीच्या आदल्या आठवड्यात एकाच पेनाने भरलेली. अशी वही ओळखायला अधिकाऱ्याला मिनिटही लागत नाही, कारण तिच्यातले आकडे गोल असतात: ५०० मिली, ५०० मिली, ५०० मिली.

ही वही बनवणी-कार्डाला जोडली की आपोआप खरी राहते. एक लिटर २ एम हायड्रोक्लोरिकला ३५ टक्क्यांचं सुमारे १७५ मिली लागतं. एक लिटर १ एम सल्फ्युरिकला तीव्र आम्ल सुमारे ५५ मिली, आणि ते पाण्यात सावकाश ओतायचं, पाणी त्यात नाही. कार्डावर ‘३ लिटर बनवलं’ लिहिलं असेल आणि वहीत १६५ मिली खर्च पडला असेल तर दोन्ही कागद एकमेकांची साक्ष देतात. टेबलावर थेंबाथेंबाने वापरलेल्या तीव्र आम्लाची रोज नोंद ठेवणं कुणाला जमत नाही. त्यापेक्षा तुकडीसाठी मुख्य बाटलीतून १०० मिलीच्या छोट्या बाटल्या भरताना एकदाच नोंद करा. आठवड्याच्या शेवटी मुख्य बाटलीतली पातळी पाहा. त्यासाठी बाटलीच्या कडेला कागदाची उभी पट्टी चिकटवून तिच्यावर मापाच्या रेघा मारून ठेवल्या तर ओतून मोजावं लागत नाही. रेक्टिफाइड स्पिरिट वापरत असाल तर त्याच्या परवान्याची मुदत आणि शिल्लक यांची नोंदही याच कपाटाच्या कागदांत असू द्या. ते खातं वेगळं, राज्य उत्पादन शुल्काचं.

जुन्या बाटल्या वर्षानुवर्षं का पडून राहतात, याचं कारण आळसापेक्षा नोंदवहीत असतं. नोंदवहीत शिल्लक आहे म्हणून टाकता येत नाही. टाकायचं तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून माल कमी करण्याचा, प्रस्ताव लागतो, आणि प्रस्ताव कुणी करत नाही कारण नेमकी शिल्लक माहीत नाही. यावर उपाय म्हणजे बाटल्यांच्या यादीत ‘वापर बंद’ असा एक रकाना. गोठलेलं, ओल शोषून दगड झालेलं, गंजलेल्या झाकणाचं, मुदत गेलेलं, अभ्यासक्रमात आता न लागणारं असं सगळं त्यात दिनांकासह टाकायचं, लाल चिठ्ठी लावून वेगळ्या कुलपात ठेवायचं. शिल्लक अंदाजे लिहायची आणि ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहायचं. मग वर्षातून एकदा त्याच यादीवरून निर्लेखनाचा प्रस्ताव आणि विल्हेवाटीचं पत्र. पारा, शिसं, क्रोमियम, बेरियम असलेलं काहीही नाल्यात किंवा शाळेमागच्या खड्ड्यात जाता कामा नये. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय मार्गदर्शन करू शकतं. एका शाळेचा अर्धा किलो माल न्यायला कुणी सहज तयार होत नाही. म्हणून जवळच्या मोठ्या महाविद्यालयाशी किंवा तालुक्यातल्या चार-पाच शाळांशी मिळून पाठवणं जास्त व्यवहार्य. संपलेल्या बाटलीची ओळ पुसायची नाही, फक्त ‘संपली’ आणि दिनांक लिहायचा.

फाईल कुठे ठेवायची? मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाआड ठेवलेली फाईल अपघाताच्या वेळी नसल्यासारखीच. एक प्रत प्रयोगशाळेच्या दाराजवळ, आतल्या बाजूला, कुलूप नसलेल्या खणात. बाटल्यांची यादी आणि कपाटांचा नकाशा एवढ्याची दुसरी प्रत ऑफिसात, कारण आग लागली तर अग्निशमन दलाला खोलीत काय आहे हे बाहेरून कळायला हवं. पीडीएफ फोनमध्ये असणं चांगलंच, पण वीज गेली, रेंज नाही, फोन दुसऱ्याचा आहे, हे सगळं एकाच दिवशी होतं.

सोळा विभागांची इंग्रजी शीट घाईत कुणी वाचत नाही. त्या वीस-पंचवीस धोकादायक रसायनांसाठी मराठीत एका पानाचं कार्ड करा आणि शीटच्या पुढे लावा. मजकूर आठवणीतून नको, शीटच्या २, ४, ६, ७, ८ आणि १० या विभागांतूनच घ्या. सल्फ्युरिकचं कार्ड साधारण असं होईल. ‘कातडी आणि डोळे जाळतं, पाण्यात मिसळताना उकळून उडतं. चष्मा, हातमोजे, ॲप्रन. डोळ्यात गेलं: पापण्या उघड्या धरून नळाच्या वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा, धुणं थांबवून रिक्षा शोधायला जाऊ नका, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. अंगावर: भिजलेले कपडे काढा, भरपूर पाणी, कातडीवर सोडा चोळू नका. सांडलं: मुलं बाहेर, कोरडी वाळू कडेने टाकत आत या, मग खाण्याचा सोडा हळूहळू. लाकडाचा भुसा किंवा कापड वापरू नका. शेजारी ठेवू नका: अल्कली, स्पिरिट, ॲसिटोन, परमँगनेट.’ कार्डाच्या खाली ज्या शीटवरून घेतलं तिचा सुधारित दिनांक लिहा. शीट बदलली की कार्ड तपासायचं, हे त्यावरून लक्षात राहतं.

वर्षाचं वेळापत्रक परीक्षांच्या भोवती बसवलं की सोपं जातं. जूनमध्ये धोकादायक नावांची तपासणी आणि नव्या खरेदीच्या नोंदी. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्लांची आणि सोडियमची शिल्लक, शिवाय सोडियम केरोसीनखाली पूर्ण बुडालेलं आहे का हे. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेनंतर टेबलावरच्या सगळ्या द्रावणांचा निकाल लावायचा. ती तशीच मे महिन्यात ठेवली तर बाष्पीभवनाने तीव्रता वाढते आणि लेबलवरचा आकडा खोटा ठरतो. हायड्रोजन पेरॉक्साइड उलट कमजोर होतं, पण बंद बाटलीत ऑक्सिजनचा दाब वाढतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात लायकर अमोनियाची बाटली उघडताना फसफसून अंगावर येते, ती जूनमध्ये थंड करूनच उघडायची, आणि हे तिच्या ओळीतच लिहून ठेवा. चार्ज देता-घेताना बाटल्यांच्या यादीवर दोघांच्या सह्या हव्यात, प्रत्यक्ष मोजून. नोंदवहीवर सही करून चार्ज घेतला की मागच्यांची सगळी न जुळणारी शिल्लक तुमच्या नावावर चढते. तुमचा चार्ज नवा आहे, त्यामुळे मोजणीत जो फरक निघेल तो टिपण करून मुख्याध्यापकांना आताच द्या, पोच घ्या.

पुढच्या महिन्याच्या तपासणीसाठी क्रम असा ठेवा: आज पिक्रिकचं पत्र, या आठवड्यात मोजणी आणि क्रमांक, मग रसायनांची यादी, मग फक्त त्या वीस-पंचवीस नावांच्या नव्या शीट्स. बाकीच्यांना २००९ च्याच राहू द्या, यादीत ‘तपासणे बाकी’ लिहा आणि पुढच्या सत्रात संपवा. जुनी फाईल फेकू नका. वेगळ्या खणात ठेवा, लेबल गेलेल्या बाटल्यांची कंपनी शोधायला तिचा उपयोग होतो. अधिकारी यायच्या आदल्या दिवशी परिचराला कपाटातल्या कुठल्याही पाच बाटल्या काढायला सांगा आणि त्यांच्या शीट्स शोधायला लावा. मग यादीतल्या कुठल्याही पाच ओळी घेऊन बाटल्या शोधायला लावा. दहांपैकी जिथे दोन मिनिटांपेक्षा जास्त लागतील, तिथली ओळ तुमच्यासमोरच दुरुस्त करून घ्या.